सोडत खरी होती का, हे निकाल बघून कळत नाही

म्हाडाची सोडत झाली की मुंबईत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "सगळं सेटिंग असतं रे, ज्यांना लागायचं त्यांनाच लागतं." दुसरं, "अहो आता कॉम्प्युटर काढतो ना, त्यात सेटिंग कुठून होणार?" पहिलं वाक्य ज्याला घर लागलं नाही तो बोलतो, दुसरं ज्याला लागलं तो, किंवा मग अधिकारी. दोघंही एकदम ठाम. आणि माझं म्हणणं असं की दोघांनाही एवढं ठाम बोलायचा अधिकार नाही, कारण दोघं ज्या यादीकडे बोट दाखवून बोलतायत त्या यादीत हे उत्तर नसतंच. कितीही हुशार माणूस बसवा, कितीही मोठा कॉम्प्युटर लावा, नुसत्या यादीवरून ती खरोखर नशिबाने आली की कुणी बसवली हे छातीठोक सांगता येत नाही. हे काय मी चहा पिता पिता काढलेलं मत नाहीये, यामागे गणितातलं एक पक्कं सिद्ध झालेलं प्रमेय आहे आणि त्याचा आपल्या सोडतींशी थेट संबंध आहे, म्हणून हा एवढा मोठा लेख.

आधी सोडतींचा पसारा बघा. २०२४ ला म्हाडाच्या मुंबई मंडळाची २,०३० घरं होती आणि अर्ज एक लाखाच्या वर. २०२३ ला ४,०८२ घरं, तेव्हाही अर्ज लाखाच्या पुढेच. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांचे अर्ज तर दीड लाखाच्या वर आहेत, आणि मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची घरं सोडतीत निघाली ती ३,८९४. शाळांमध्ये आरटीईच्या २५ टक्के जागा, सोडत. महापालिकेच्या २२७ वॉर्डांपैकी महिलांना कुठले, ओबीसींना कुठले, सोडत. म्हणजे या शहरात माणूस कुठे राहणार, पोर कुठल्या शाळेत जाणार आणि निवडणुकीला कुठून कोण उभं राहू शकतं एवढं सगळं आपण नशिबावर टाकलंय. माझा त्याला विरोध नाही हं. उलट वशिल्यापेक्षा सोडत शंभर पटीने बरी, गरजू लाखभर आणि घरं दोन हजार असली तर चिठ्ठी टाकणं हाच त्यातल्या त्यात सभ्य मार्ग. पण मग ती चिठ्ठी खरी असायला हवी, आणि ती खरी आहे हे आपल्याला कळायची काहीतरी सोय हवी.

आता गणिताकडे येतो. शाळेत आपण संभाव्यता शिकतो, नाणं उडवा, फासा टाका वगैरे. त्यात एक गोम आहे जी सर कधी सांगत नाहीत. नाणं वीस वेळा उडवलं आणि वीसच्या वीस वेळा छापा पडला, याची शक्यता साधारण दहा लाखांत एक. पण छापा काटा काटा छापा असा कुठलाही एक ठराविक वीसचा क्रम घ्या, त्याचीही शक्यता तेवढीच, अगदी तेवढीच! तरी वीस छापे पडले की आपण भांडायला उठतो आणि दुसऱ्या क्रमाला कुणी काही बोलत नाही. का? संभाव्यतेचं शाळेतलं गणित याचं उत्तर देत नाही, कारण ते नाण्याबद्दल बोलतं, समोर पडलेल्या क्रमाबद्दल ते गप्प असतं.

या "का"चं नीट उत्तर यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेत रे सोलोमोनॉफ, मॉस्कोत आंद्रेई कोल्मोगोरोव आणि न्यूयॉर्कमधला ग्रेगरी चायटिन, जो तेव्हा कॉलेजातला पोरगा होता, तिघांनी वेगवेगळं बसून जवळपास एकच कल्पना काढली. समजा तुम्हाला एक हजार आकड्यांची ओळ फोनवर कुणाला तरी सांगायचीय. ओळ शून्य एक शून्य एक अशी असेल तर "शून्य एक, पाचशे वेळा" एवढं सांगून फोन ठेवता येतो. पण ओळ अशी असेल की तिच्यात काही सूत्रच नाही, तर हजारच्या हजार आकडे एकेक करून बोलावे लागतात, त्याहून कमी बोलून चालतच नाही. ती ओळ रँडम. फोनच्या जागी कॉम्प्युटर प्रोग्रॅम ठेवा की झाली व्याख्या: जी ओळ तिच्याहून लहान प्रोग्रॅमने छापता येत नाही ती रँडम. वीस छाप्यांवर आपण का चिडतो ते आता कळतं, ती ओळ दोन शब्दांत सांगता येते म्हणून.

अशा रँडम ओळी किती असतील? इथे साधी मोजणी आहे. शून्य-एकची ओळ एका ठराविक लांबीची घ्या, आता तिच्यापेक्षा दहा अंकांहून जास्त लहान असे प्रोग्रॅम किती असू शकतात ते मोजा, ते ओळींच्या मानाने हजारात एकसुद्धा भरत नाहीत. आणि एका प्रोग्रॅमने एकच ओळ छापून होते. म्हणजे हजारातल्या ९९९ ओळी अशा की ज्यांना दहा अंकांहून जास्त आवळताच येत नाही. म्हणजे रँडम ओळ ही काही दुर्मिळ गोष्ट नाहीच, डोळे मिटून हात घातला की हातात येणार ती जवळजवळ रँडमच.

आणि आता खरी गंमत. त्यातल्या एका तरी मोठ्या ओळीकडे बोट दाखवून "ही रँडम आहे" असं सिद्ध करून दाखवा म्हटलं तर गणिताला ते जमत नाही. जमलेलं नाही असं नव्हे, जमणारच नाही. चायटिनने ७० च्या दशकात हे मांडलं आणि त्याची सिद्धता इतकी छोटी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा तुम्ही गणिताचे सगळे नियम आणि गृहीतकं लिहून काढली. आता एक प्रोग्रॅम लिहू, जो त्या नियमांतून निघणाऱ्या सिद्धता एकामागोमाग एक तपासत बसतो. "अमुक ओळ एक कोटी अक्षरांपेक्षा लहान प्रोग्रॅमने छापता येत नाही" अशी पहिली सिद्धता त्याला सापडली की तो ती ओळ छापतो आणि थांबतो. हा प्रोग्रॅम स्वतः केवढा असेल? नियम धरून काही हजार अक्षरं, फार तर लाख. म्हणजे जी ओळ एक कोटीच्या आत छापता येत नाही असं आत्ताच सिद्ध झालं ती याने लाखात छापली. बोंबला! म्हणजे एक तर तुमचे नियमच खोटं बोलतायत, किंवा तसली सिद्धता कधी सापडणारच नाही. नियम खरे असतील तर दुसरंच. नियम वाढवा, मर्यादा थोडी पुढे सरकते, पण कुठेतरी येतेच.

१९३० च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या कोनिग्सबर्ग गावी डेव्हिड हिल्बर्ट या मोठ्या गणितज्ञाने भाषण केलं होतं, आपल्याला कळलंच पाहिजे आणि कळेलच, अशा अर्थाचं, ते शब्द पुढे त्याच्या थडग्यावरसुद्धा कोरले. त्याच गावात त्याच्या आदल्याच दिवशी कुर्ट गोडेल नावाच्या विशीतल्या माणसाने हळूच सांगून टाकलं होतं की सगळं काही सिद्ध करता येणार नाही. १९३१ ला त्याचा पेपर आला. पण गोडेलने जे वाक्य बनवलं होतं ते मुद्दाम घडवलेलं, स्वतःबद्दलच बोलणारं, त्यामुळे बऱ्याच गणितज्ञांनी खांदे उडवले की असेल कुठेतरी कोपऱ्यात असलं एखादं, आपलं काय जातंय. चायटिनने दाखवलं की कोपऱ्यात वगैरे काही नाही, जिकडे हात घालाल तिकडे हेच आहे. (त्याचा तो ओमेगा नावाचा आकडा हा तर स्वतंत्र लेखाचा विषय, व्याख्या एका ओळीची आणि अंक मात्र थोडेसेच कळू शकतात, बाकीचे कधीच नाही. तो इथे काढला तर म्हाडा राहील बाजूला.)

आपल्या कामाचं यातलं एवढंच धरा: रँडम *नाही* हे सिद्ध होऊ शकतं, सूत्र सापडलं की झालं. रँडम *आहे* हे सिद्ध होत नाही, कारण आज सूत्र सापडलं नाही याचा अर्थ सूत्र नाही असा होत नाही. हे एकतर्फी आहे आणि सरकारी कारभारात ही एकतर्फी गोष्ट कुणी मनावरच घेत नाही.

चाचण्या असतात की, असं कुणीतरी म्हणेल. असतात. प्रत्येक अंक सारख्या वेळा आला का, जोड्या सारख्या आल्या का, अशा डझनावारी चाचण्या आहेत. पण ०.१२३४५६७८९१०१११२१३... असा आकडा बघा, नुसते एक दोन तीन चार ओळीने लिहीत जायचे. १९३३ ला चँपरनोनने सिद्ध केलं की यात प्रत्येक अंक, प्रत्येक जोडी, प्रत्येक तिकडी शेवटी अगदी बरोबर तेवढ्याच वेळा येते जेवढ्या वेळा ती रँडम आकड्यात यायला हवी. वारंवारतेच्या चाचणीत हा आकडा पास, आणि पुढचा अंक कुठला हे तिसरीतलं पोर सांगेल. पाय म्हणजे वर्तुळातला तो ३.१४ वाला आकडा, त्याचं तर उलटं. २०२२ मध्ये त्याचे १०० लाख कोटी अंक मोजून झाले, बघायला अगदी रँडम वाटतात, पण त्यात प्रत्येक अंक दीर्घ पल्ल्यात सारखा येतो हे एवढंसुद्धा आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

निकाल आपल्याला दोन्ही बाजूंनी कसा फसवतो त्याचे दोन नमुने देतो. बल्गेरियात सप्टेंबर २००९ मध्ये सरकारी लॉटरीत ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे निघाले, चार दिवसांनी पुढची सोडत झाली आणि पुन्हा तेच सहाच्या सहा. टीव्हीवर, लाइव्ह. दुसऱ्या वेळी अठरा जणांनी तेच लावले होते. देशभर बोंबाबोंब, चौकशी लागली, निघालं काहीच नाही. जगभर इतक्या लॉटऱ्या इतकी वर्षं चालतात की कुठे ना कुठे कधी ना कधी असं व्हायचंच. आता दुसरा. अमेरिकेत हॉट लोटो नावाच्या लॉटरीची डिसेंबर २०१० ची सोडत, आकडे एकदम साधे, कुणाला शंका यायचं कारण नाही, बक्षीस दीड कोटी डॉलरच्या वर. तिकीट घेणारा होता एडी टिप्टन, ज्या संस्थेची लॉटरी तिथलाच माहिती-सुरक्षेचं काम बघणारा माणूस. त्यानेच लिहिलेल्या कोडमध्ये त्याने थोड्याच ओळी घुसवल्या होत्या, वर्षातल्या ठराविक तीन तारखांना, ठराविक वारी, संध्याकाळनंतर सोडत झाली तर आकडे अंदाज बांधता येईल असे येणार, बाकी वर्षभर सगळं चोख. सॉफ्टवेअर बाहेरच्या लॅबने तपासून पास केलेलं होतं. आणि पकडला कशावरून गेला तर दुकानातल्या सीसीटीव्हीत तिकीट घेताना दिसला त्यावरून, आकड्यांवरून नाही! कोड नंतर उघडलं. २०१७ ला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे जी भयंकर दिसत होती त्या सोडतीत काही सापडलं नाही आणि जी सरळ दिसत होती ती कुजलेली. त्यामुळे आपल्याकडे निकाल लागल्यावर जे चालतं, की एकाच आडनावाचे तिघं कसे, त्या एकाच इमारतीत दोन भावांना कशी लागली, त्यात मला काही दम दिसत नाही. लाखभर अर्जांत शेकड्यांनी पाटील आणि शिंदे असतात बाबा. एका खोलीत २३ माणसं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता निम्म्याहून जास्त असते, इथे तर लाख आहेत.

आता "कॉम्प्युटर काढतो" या वाक्याचा समाचार घेऊ, कारण माझा खरा राग त्या वाक्यावर आहे. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम स्वतःहून रँडम काही काढत नाही. तो हिशोब करतो. एक सुरुवातीचा आकडा घेतो, त्याला सीड म्हणतात, त्यावर काहीतरी गुणाकार-भागाकार करून पुढचा आकडा, त्यावर पुन्हा तेच. कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या काळात जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने एक सोपी रीत वापरली होती. चार अंकी आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, आठ अंक येतात, मधले चार उचला, हा तुमचा पुढचा रँडम आकडा. करून बघा कागदावर. २१०० घ्या. वर्ग ०४४१००००, मधले चार ४१००. त्याचा वर्ग १६८१००००, मधले चार ८१००. मग ६५६१००००, म्हणजे ६१००. मग ३७२१००००, म्हणजे २१००. आलो घरी! यापुढे ही मशीन आयुष्यभर हेच चार आकडे फिरवत बसणार. (आपले देवळालीचे कापरेकर गुरुजी, त्यांनी तर चार अंक एकदा उतरते आणि एकदा चढते लावून मोठ्यातून लहान वजा करत करत ६१७४ काढला, चार अंक सगळे सारखे नसले की झालं, कुठल्याही आकड्यापासून निघा, सात पायऱ्यांत तिथेच. गुरुजींना तिथे पोचायचंच होतं, फॉन नॉयमनला पोचायचं नव्हतं, एवढाच फरक.) फॉन नॉयमनने स्वतःच म्हणून ठेवलंय की अंकगणिताने रँडम आकडे बनवू बघणारा माणूस पापाचा धनी आहे.

आजच्या रीती याहून लाख पटीने चांगल्या आहेत, त्या अशा चार आकड्यांत अडकत नाहीत, पण मूळ गोष्ट बदललेली नाही. एक लाख अर्जांची आणि दोन हजार विजेत्यांची यादी कितीही लांब असू दे, ती सगळीच्या सगळी त्या एका छोट्या सीडमधून निघते. कोल्मोगोरोवच्या व्याख्येने बघितलं तर ती यादी रँडम नाहीच, छोट्या प्रोग्रॅममध्ये मावते ती. आणि ज्याला सीड आधी माहीत त्याला अख्खी यादी आधी माहीत. बटण मंत्र्यांनी दाबलं, समोर टाळ्या झाल्या, वेबकास्टिंगवर हजारो लोकांनी बघितलं, यातलं काहीही सीडला हात लावत नाही. स्क्रीनवर नाव दिसतं, नाव कसं आलं ते स्क्रीनवर दिसत नाही. म्हाडाच्या सोडतीत घोळ आहे असं मी म्हणत नाहीये, तसं म्हणायला माझ्याकडे काही नाही आणि वर सांगितल्याप्रमाणे यादी बघून असूही शकत नाही. मी म्हणतोय की घोळ नाही हेही कुणाला दाखवता येत नाही, आणि लोकांच्या छपराचा प्रश्न असताना ही अवस्था चालवून घेऊ नये.

मग काय, पुन्हा चिठ्ठ्या? वॉर्डांच्या सोडतीत लहान मुलांच्या हातून चिठ्ठी काढायची पद्धत आहे, आणि ती बघायला बरी वाटते, पण चिठ्ठीला पण अक्कल लागते. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेने व्हिएतनामच्या युद्धावर कुणाला आधी पाठवायचं हे वाढदिवसांची सोडत काढून ठरवलं. ३६६ प्लॅस्टिकच्या कॅप्सूल, प्रत्येकीत एक तारीख. जानेवारीच्या आधी टाकल्या, मग फेब्रुवारी, असं करत डिसेंबर शेवटी, आणि नीट कालवल्याच नाहीत. डिसेंबरवाल्या वर राहिल्या आणि आधी निघाल्या. क्रमांकाची सरासरी प्रत्येक महिन्याला १८३ च्या आसपास यायला हवी होती, जानेवारीची आली २०१ आणि डिसेंबरची १२१. लहान क्रमांक म्हणजे आधी बोलावणं. म्हणजे डिसेंबरात जन्मलास म्हणून तू आधी जंगलात. भयानक आहे हे. पण बघा, इथे चूक सापडली आणि ती कशामुळे झाली तेही कळलं, कारण तारखा कशा भरल्या, कशा ढवळल्या हे माहीत होतं, सगळं उघड्यावर होतं, आणि पुढच्या वर्षी पद्धत बदलली. बंद पेटीतून आलेल्या निकालाच्या बाबतीत ही दुरुस्तीची सोयच राहत नाही.

याबाबतीत मुंबईला शहाणपण शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही, हे शहर एकेकाळी हे जाणून होतं, फक्त ज्यांना माहीत होतं ते सभ्य लोक नव्हते. आकड्याचा जुगार सुरू झाला तेव्हा लोक पैसे लावायचे ते न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या कापसाच्या भावावर, जो तारेने मुंबईला यायचा, ओपन आणि क्लोज. का तिथला? कारण इथला कुठलाही शेठ तिथल्या भावाच्या शेवटच्या आकड्याला हात लावू शकत नव्हता. आणि तो भाव सगळ्यांना एकदम कळायचा. १९६१ ला ते भाव येणं बंद झालं आणि १९६२ पासून वरळीला कल्याणजी भगतचा मटका, १९६४ पासून रतन खत्रीचा. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते. तीन पत्ते निघाले, समजा ५, ३ आणि ६, बेरीज १४, शेवटचा आकडा ४, झाला ओपन, पान ३५६. रात्री तसाच क्लोज, समजा १, २, ८, बेरीज ११, म्हणजे १, आणि जोडी ४१. खत्रीच्या मटक्यावर लोकांचा विश्वास का होता हे जुनी माणसं सांगतात ते एकच, पत्ते लोकांसमोर निघायचे. मटक्याने किती संसार धुळीला मिळवले ते गिरणगावात कुणालाही विचारा, मी त्याचं कौतुक करत नाहीये. पण धंदा टिकवायला त्या लोकांना जे कळलं की आकडा अशा ठिकाणाहून आणा जिथे आपला स्वतःचा हात पोचत नाही, ते आपल्या सरकारी सोडतीत दिसत नाही याची मला लाज वाटते. (आणि मटक्याचे चार्ट घेऊन बसणारी, मागच्या दहा वर्षांच्या जोड्यांतून उद्याची काढणारी मंडळी, ती अजून आहेत, आता मोबाइलवर "फिक्स जोडी" विकतात. वीस छाप्यांवर चिडणारं डोकंच ते.)

तर मागणी सरळ आहे. सोडतीच्या काही दिवस आधी पात्र अर्जांचे क्रमांक ओळीने लावून जाहीर करा, नावं नकोत, नुसते क्रमांक. ज्या प्रोग्रॅमने सोडत निघणार तो पण जाहीर करा, आणि तो छोटा ठेवा, पानभराचा. छोटा का, तर १९३६ ला ॲलन ट्युरिंगने दाखवलंय की कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो पुढे काय करेल, निदान थांबेल तरी का, हे सांगणारी सरसकट रीत असूच शकत नाही, त्यामुळे लाखभर ओळींचं सॉफ्टवेअर "तज्ज्ञांनी तपासलंय" याला फार अर्थ नाही, टिप्टनचं पण तपासलेलंच होतं. पण पानभराचा प्रोग्रॅम माणूस बसून वाचू शकतो. आणि सीड? ते यादी आणि प्रोग्रॅम जाहीर झाल्यावर, बाहेरून घ्यायचं, आणि कुठून घेणार ते आधीच सांगायचं. म्हणजे अमुक तारखेचा सेन्सेक्सचा बंद भाव दशांशासकट, त्याच दिवशीचं सांताक्रूझ आणि कुलाबा वेधशाळेचं कमाल तापमान, आणि वर सभागृहात अर्जदारांपैकीच कुणीतरी ड्रममधून काढलेले पाच-सहा चेंडू. हे सगळे आकडे एकापुढे एक लिहून एका प्रसिद्ध हॅशमधून फिरवायचे (हॅश म्हणजे असं उघड सूत्र की तेच आकडे आत टाकले तर दरवेळी तेच उत्तर, पण एक अंक बदलला तरी उत्तर पार वेगळं), एसएचए-२५६ म्हणा, तो आपल्या प्रत्येकाच्या बँकिंग ॲपमागे कुठे ना कुठे असतोच. मग दुनियेत कुणीही घरबसल्या तोच प्रोग्रॅम, तीच यादी, तेच सीड घेऊन चालवावं, तेच २,०३० क्रमांक यायला पाहिजेत. नाही आले तर घोळ, आणि तेव्हा तो सिद्ध करता येईल.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम बनवणारी आयईटीएफ स्वतःच्या एका समितीचे सदस्य असेच निवडते, २००४ च्या त्यांच्या दस्तऐवजात रीत लिहिलेली आहे, लॉटऱ्यांचे जाहीर होणारे आकडे सीड म्हणून घ्यायचे वगैरे. खर्च जवळजवळ शून्य.

हरकती येतील. सामान्य माणसाला हॅश काय कळणार, ही पहिली, आणि ती नेहमी ज्यांना कळतं तेच घेतात. प्रत्येकाला कळायची गरज नाही. लालबागच्या चाळीत, चेंबूरच्या कॉलनीत, गोवंडीत, प्रत्येक गल्लीत एक तरी पोरगा-पोरगी इंजिनीअरिंगला असते, लाख अर्जदारांत शंभर जणांनी लॅपटॉपवर चालवून बघितलं तरी पुरे, आणि त्यांतल्या नव्व्याण्णव जणांनी गप्प बसायचं ठरवलं तरी शंभरावा बोलणारच. दुसरी हरकत, कोड उघडं केलं तर हॅक होईल. हॅक काय होणार? सीड जगात अस्तित्वातच नाही अजून, उद्या साडेतीनला बाजार बंद होईल तेव्हा येणार. तिसरी जरा खरी आहे, की सेन्सेक्सचा शेवटचा दशांश एखादा मोठा खेळाडू हलवू शकतो. हलवू दे की, त्याला त्याच दिवशी सांताक्रूझचं तापमान पण हलवावं लागेल आणि शेवटी निघणारे ते चेंडू पण, कारण शेवटचे ते चेंडू त्याच्या हाताबाहेर राहिले तर बाकीचे माहीत असून उपयोग शून्य.

आणि हो, सोडत चोख झाली म्हणजे सगळं चोख झालं असं नाही. पात्र कोण हे आधी ठरतं, कागदपत्रं नंतर तपासली जातात, आणि वशिल्याला या दोन्ही ठिकाणी भरपूर जागा आहे, माझ्या योजनेने तिथला एक कागदसुद्धा हलणार नाही. तिथे गणित नाही, तिथे नेहमीचंच, माहितीचा अधिकार आणि खेटे.

पण सोडतीपुरतं तरी ही मागणी निकालाच्या आधी करायची असते हे सगळ्या पक्षांनी आणि हाउसिंगच्या सगळ्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावं, कारण यांचं सगळं आंदोलन निकालानंतर सुरू होतं. सीड एकदा बंद खोलीत ठरलं की मग एसआयटी नेमा नाहीतर निवृत्त न्यायमूर्ती बसवा, यादी बघून त्यांनाही तेवढंच कळणार जेवढं सुरुवातीला ठाम बोलणाऱ्या त्या दोघांना. म्हाडाची पुढची जाहिरात येईल, तिच्यात उत्पन्न गट असतील, अनामत रक्कम असेल, शेवटची तारीख असेल. सीड कुठून घेणार ही ओळ तिच्यात नसेल तर खाली हेल्पलाइनचा नंबर दिलेला असतो, त्यावर फोन करून विचारता येतं.